दहाची चवड

१० मे १९८३, मंगळवार

यमुताईचा गुडघा? — कालच्यापेक्षा बरा, जिना चढताना मात्र कुरकुरतो. खालच्या रंभाबाईंचा डोळा? — पट्टी निघाली, पाणी अजून येतं. कूलरचा पंप? — चालू आहे. कुंडीतली तुळस? — दोनदा पाणी घालूनही मान टाकते. माझा पाय? — पलंगावर आहे. पांढरा, जड, दुसऱ्या कोणाचा तरी आणून ठेवल्यासारखा.

रोज सकाळी पडल्या पडल्या ही हजेरी घेतो. ताई स्वयंपाकघरातून उत्तरं देते. माझ्या पायाचं उत्तर मलाच द्यावं लागतं.

तेरा दिवस झाले. बर्डीच्या बाजारात बसच्या पायरीवरून घसरलो आणि नडगीचं हाड गेलं. प्लॅस्टर मांडीपर्यंत, सुटायचं १२ जूनला. महाल भागातली ही वरची खोली इतकी वर्षं हवेशीर वाटायची. आता कळतं, खाली एकोणीस पायऱ्या आहेत. पलंगावरून खिडकीत फक्त समोरच्याची टाकी दिसते.

ताई म्हणते, "वीस वर्षं त्या थंडगार खोलीत मशीनजवळ बसलास. आता दीड महिना माझ्याजवळ बस."

बसतो. दुसरं करणार काय?

११ मे

त्रेचाळीस-चव्वेचाळीस असावं. कूलर गरम वारा फेकतो. वाळ्याच्या ताट्या वाळून नुसत्या काड्या झाल्या. प्लॅस्टरच्या आत खाज सुटते तिथे ताईची स्वेटरची सुई घालतो. ती ओरडते. तेवढीच करमणूक.

१३ मे, शुक्रवार

दुपारी दोनला जिन्यावर वहाणा वाजल्या. रुपराव! डोक्याला ओला दुपट्टा, घसा कोरडा. काटोलहून बसने आला होता. आमच्या कालव्याच्या कामावर पाटाचा चौकीदार, अकरा वर्षं रोजंदारीवर. ताईने पन्हं दिलं. दोन पेले प्याला आणि मग बोलला.

"बाबूजी, माह्यं नाव नाही जी यादीत."

यादी म्हणजे कायम होणाऱ्या रोजंदारीवाल्यांची; दर साली वेगळ्या कामावरच्यांची निघते, गेल्या साली खोदकामवाल्यांची, यंदा पाटावरच्यांची. पाच वर्षं, दरसाल दोनशे चाळीस दिवस भरले असतील तो कायम. यादीत नाही त्याचं काम १ जुलैपासून बंद. हजेरीची भोकं पाडलेली कार्डं आमच्या सेक्शनला येतात, मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, दिवस मोजतं आणि यादी छापतं. दिवस मोजायचा तो प्रोग्राम माझा. मी मॅट्रिक नापास, इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो, आणि पहिला मोठा प्रोग्राम लिहिला तो हाच. यंदाची यादी मी पडल्यानंतर निघाली, सेक्शनमधल्या अरुंधतीबाईंनी काढली.

"दिवस मोजलेस तू?"

"मोजले ना जी. दरसाल अडीचशेच्या वरतेच. आमी सात जण हावो काटोलचे. सातातल्या एकाचंही नाव नाही."

मी त्याला जे सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. मशीनला नातं नाही, गोतं नाही. ते कोणाचं नाव गाळत नाही. मस्टरवरच एखादा महिना कमी लागला असेल. प्रेमानेच सांगितलं.

रुपरावने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "लहानूलेही तुमी हेच सांगतलं होतं मागच्या साली. याच खोलीत. मीच आणलं होतं त्याले."

"मग?"

"मंग काय जी. गेला वणीकडं, खाणीवर. बायको-पोरं घेऊन."

हरकतीची मुदत यंदा ३१ मे. जाताना यादीच्या शेवटच्या पानाची नक्कल माझ्या उशाशी ठेवून गेला. "पाहून ठेवा. तुमाले तसंही काम नाही आता." हसला नाही, पण टोमणा बरोबर लागला.

१४ मे

लहानू आठवत राहिला, गेल्या सालच्या यादीतून गळलेला रोजंदार. दारातच उकिडवा बसला होता, खुर्चीवर बस म्हटलं तरी बसला नाही. मी बोललो ते सगळं ऐकून घेतलं आणि "बरं जी" म्हणाला. तेवढंच.

१६ मे, सोमवार

अरुंधतीबाई भेटायला आल्या. ऑफिसातून थेट, हातात द्राक्षांची पुडी. त्यांनाच विचारलं — यादी काढताना काही अडलं होतं का?

"नाही काका. हिशेब जुळला. कार्डं एकोणीसशे बारा, मशीनने वाचली एकोणीसशे बारा. जुळल्याचा निरोपही आला."

"आणि छापताना?"

"छापताना शेवटी टेप अडखळते, नेहमीसारखी. मग मी पुढचं बटण दाबलं. तुम्हीच सांगून ठेवलंय ना, जुनी टेप आहे, शेवटी अडखळते, बटण दाबायचं."

सांगितलं होतं खरं. हे वाक्य माझंच आहे.

त्या गेल्यावर रुपरावचं पान तीनदा वाचलं. शेवटचं नाव चारशे तिसावं. काटोल विभाग मध्येच तुटल्यासारखा वाटतो. पण यादी कुठेतरी संपणारच ना, असं स्वतःला म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे फक्त मान वळवली. बाकीचा मी वळत नाही.

१८ मे, बुधवार

आज घरात पापडांवरून जुंपली.

काल दिवसभर ताई आणि रंभाबाई गच्चीवर उडदाचे पापड वाळवत होत्या. ताईची पद्धत अशी, की दहा वाळले की त्यांची चवड करायची आणि चवड झाली की खाली आणून डब्यात ठेवायची. एकेक पापड घेऊन कोण जिना उतरणार, गुडघा आहे तो. आज सकाळी डबा मोजला तर सोळा चवड्या.

रंभाबाई जिन्यातूनच ओरडल्या, "एकशे चौसष्ट लाटले वं मी! चार कुठं गेले?"

"मी खाल्ले का? सोळा चवड्या आहेत. एकशे साठ."

"लाटले मी, अन् मले मालूम नाही?"

"डोळ्यातून पाणी गळत असताना लाटलेस तू."

"एक डोळा चांगला होता ना वं. एका डोळ्यानं मोजता येत नाही काहून?"

शेवटी रंभाबाई स्वतः गच्चीवर गेल्या आणि चार पापड घेऊन आल्या. फडक्याखाली राहिले होते, उन्हाने वाकडेतिकडे झालेले. दहा होईनात म्हणून त्यांची चवड झाली नाही. चवड झाली नाही म्हणून ताईने ते खाली आणले नाहीत. नंतर काम उरकलं म्हणून वाळवणाची खाटही उचलून ठेवली.

मी हसत होतो. हसता हसता थांबलो.

चारशे तीस.

आणि रुपराव धरून सात.

१९ मे

रात्रभर प्रोग्राम डोक्यात चालवला. माझ्याच हातचा आहे, ओळ न ओळ पाठ.

यादी आधी टेपवर लिहिली जाते आणि तिथून छापली जाते; पण मशीन टेपवर एकेक नाव लिहीत नाही. लिहा म्हटलं की पोटात धरून ठेवतं. दहा झाली की एकदम उतरवतं, कारण दर नावासाठी टेप हलवायची तर वेळ जातो. ताईच्या जिन्यासारखंच. शेवटी दहापेक्षा कमी उरली तर आपण तिला 'क्लोज' म्हणायचं, म्हणजे फाइल मिटायची. मग ती उरलेली नावं उतरवते आणि शेवटची खूण करते. क्लोज न म्हणता मशीन थांबवलं तर पोटातली नावं पोटातच राहतात. पुढचं काम चढलं की गेली.

माझ्या प्रोग्राममध्ये क्लोज आहे. पहिल्यापासून आहे. पण आमच्या सेक्शनच्या हरकरे साहेबांना कार्डांचा ताळा हवा होता, म्हणून मी मधे चार ओळी घातल्या. सगळ्या कार्डांच्या शेवटी एक मोजणीचं कार्ड ठेवायचं, आकडा जुळला नाही तर जुन्या वाटेने जायचं, क्लोज करून थांबायचं. जुळला तर? जुळला तर 'हिशेब जुळला' असा निरोप द्यायचा — आणि तिथेच थांबायचं!

म्हणजे कार्डांत गडबड असती तर सातही नावं छापली गेली असती. सगळं बरोबर होतं म्हणून गेली.

आणि ताळा कशाचा? वाचलेल्या कार्डांचा. लिहिलेल्या नावांचा ताळा मी घेतलाच नाही. टेप अडखळायची ती जुनी झाली म्हणून नाही. शेवटची खूणच नव्हती तिच्यावर.

या चार ओळी कधी घातल्या? यंदाच असाव्यात. फेब्रुवारीत वगैरे. नक्की आठवत नाही.

हरकरे साहेबांना सगळं लिहून चिठ्ठी तयार केली. अरुंधतीबाईंच्या हाती पाठवतो.

२१ मे

उत्तर नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बसतो. दूधवाला. इस्त्रीवाला. परत आडवा.

२२ मे, रविवार

साहेब स्वतः आले. हातात भलं मोठं टरबूज. एकोणीस पायऱ्या चढून शर्ट घामाने चिकटलेला. ताईने त्यांना कूलरसमोरची खुर्ची दिली.

माणूस वाईट नाही, हे आधी लिहितो. माझ्यासारख्या नापासाला सेक्शनमध्ये मानाने वागवलं ते त्यांनीच. ३१ जुलैला मला अठ्ठावन्न पूर्ण होतात. आणखी एक वर्ष ठेवून घ्यावं असा कागद त्यांनीच वर पाठवला आहे.

"वामनराव, तुमची चिठ्ठी वाचली. सात माणसं जाणार नाहीत, शब्द देतो. पुरवणी यादी हाताने काढू."

मला रडूच आलं. इतके दिवस पडून आहे, डोळ्यांना सवय झाली आहे.

"पण कारण लिहावं लागेल," ते म्हणाले. "काटोलहून कार्डं उशिरा मिळाली, असं लिहू."

"उशिरा नव्हती मिळाली, साहेब."

"मला माहीत आहे. पण मशीन चुकलं असं लिहिलं तर उद्या प्रत्येक यादीवर बोट येईल. आपण सांगत आलो ना — मशीन चुकत नाही? तुम्हीच जास्त सांगता." टरबुजाकडे पाहत म्हणाले, "मस्टरच्या कारकुनाला एक मेमो मिळेल. तो काय रोज एक खातो. नाहीतर तुमच्या वाढीव वर्षाचं अवघड होईल."

त्यांनी कागद आणलाच होता. टंकलिखित. मी सही केली.

माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या, सात माणसं आणि एक कारकून. मी सातांकडे पाहून सही केली. असं लिहितो खरं. तिसरीही एक गोष्ट त्या कागदामागे होती, माझं नोकरीचं वाढीव वर्ष, आणि मी तिच्याकडेही पाहिलं.

२३ मे

रुपरावला निरोप धाडला — नाव येतंय. ताईने टरबूज कापलं. गोड होतं. दोन फोडी खाल्ल्या, तिसरी ताटलीत परत ठेवली.

२५ मे, बुधवार

नवतपा लागला. आता नऊ दिवस नुसती भट्टी. दुपारी गल्लीत कुत्रंही नाही.

ताईने स्वयंपाकघरातली फळी आवरायला काढली. डब्यांखाली मशीनचा रद्दी कागद घालायची तिला सवय, मीच आणून देतो. रुंद, हिरव्या पट्ट्यांचा. ती म्हणाली, "हा पिवळा पडला, नवा आहे का?" आणि जुना कागद माझ्या पलंगावर टाकला.

गेल्या सालच्या यादीचं शेवटचं पान. त्यावर तेलाचा गोल डाग. शेवटचा आकडा सहाशे दहा.

शेवटी शून्य.

चार ओळी गेल्याच साली घातल्या होत्या. आठवत नव्हतं असं नाही. आठवायला मन घेत नव्हतं.

"काय झालं रे? असा काय पाहून राहिलास?"

"काही नाही. कागद राहू दे."

लहानू काटोल विभागाचा. काटोलची कार्डं शेवटी लागतात.

२६ मे

नक्की काय झालंय ते एकदा स्पष्ट लिहून पाहतो. गेल्या सालची यादी उघडायची तर सांगावं लागेल की प्रोग्रामच चुकला. पण रविवारीच मी सही करून दिली आहे की प्रोग्राम ठीक, कार्डं उशिरा आली. आता तोंड उघडलं तर आधी माझीच सही पुढे करतील. न उघडलं तर रुपराव सुटतो, मी सुटतो, साहेब सुटतात. अडकतात ते फक्त गेल्या सालचे. ते तर आधीच बाहेर आहेत, त्यांच्याकडून आवाजही येणार नाही.

पाय प्लॅस्टरमध्ये आहे तो १२ जूनला सुटेल. हे कधी सुटेल?

ताईला सांगितलं. सगळं. ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून ऐकत होती.

"वर्ष गेलं तर आपलं भागेल का?" मी विचारलं.

"भागेल की. माझी पोथी तेवढी ऐकावी लागेल तुला दिवसभर." मग तांदूळ पुढे ओढून म्हणाली, "तो दारात बसला होता ना, उकिडवा? मी चहा दिला होता त्याला. कप विसळून ठेवून गेला."

२८ मे, शनिवार

अरुंधतीबाईंना बोलावलं. म्हटलं, बाई, तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे. गेल्या सालच्या कार्डांची खोकी गोडाऊनमध्ये आहेत, तीन वर्षं ठेवतात. माझ्या प्रोग्राममध्ये एकच ओळ घालायची, थांबण्याच्या आधी क्लोज. आणि गेल्या सालची कार्डं परत चालवायची.

"साहेबांनी विचारलं तर?"

"वामनरावांनी सांगितलं म्हणा."

त्या हसल्या. "आणि टेप अडखळली तर बटण दाबू का काका?"

 आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

३० मे, सोमवार

टेप अडखळली नाही.

पान घेऊन आल्या. सहाशे अकरा ते सहाशे सोळा. सहा नावं. सहाशे तेरा — लहानू. पाचही वर्षं भरलेली. दर वर्षाचे दिवस समोर छापलेत, एकही वर्ष दोनशे साठच्या खाली नाही.

आता मोठ्या साहेबांकडे जायचं, हरकरे साहेबांच्या वर. उद्या ३१. कागद पाठवला तर टेबलावर पडून राहील. मी स्वतः गेलो पाहिजे. पण एकोणीस पायऱ्या?

रुपरावला निरोप गेला आहे.

३१ मे

खुर्चीत बसवून खाली नेलं मला! रुपराव पुढे, त्याच्यासोबतचे दोघे मागे, आणि माझा पाय सरळ समोर, तोफेसारखा. रंभाबाई दारात उभ्या, "वरात निघाली गा वामनरावची. घोडा तेवढा नाही." चौथ्या पायरीवर खुर्ची कलंडली तेव्हा रुपरावने खांदा लावला.

"तुझं नाव आलंय, रुपराव," मी म्हटलं. "आता मी हे बोललो तर पुरवणी यादीही अडेल कदाचित."

"मालूम हाय जी."

"मग कशाला उचलतोस?"

"लहानूले मीच आणलं होतं ना तुमच्याकडं," तो म्हणाला. "पाय सांभाळा, कठडा लागते."

सायकल रिक्षात आडवा बसून सिव्हिल लाइन्स. चौतीस दिवसांनी आकाश पाहिलं, पांढरं, तापलेलं. तरी पाहून घेतलं.

मोठ्या साहेबांनी निवेदन दोनदा वाचलं. चार ओळी कुठे घातल्या, नावं कशी राहिली, यंदाची सात, गेल्या सालची सहा. आणि २२ तारखेची माझी सही खोटी, कारकुनाचा दोष नाही.

"हे तुम्ही का सांगता? कोणाला कळलं नसतं."

"म्हणूनच, साहेब. मला एकट्यालाच कळलंय."

यंदाची सात ते घेणार, मुदत आजची आहे. कारकुनाचा मेमो थांबवला. गेल्या सालच्या सहांवर मात्र पेन ठेवून बसले. म्हणाले, "मुदत गेल्या ३० जूनला संपली. संपलेली यादी मी उघडू शकत नाही. मुदतीच्या आत एकाने जरी लेखी तक्रार केली असेल, तर त्या कागदावर उघडता येईल. सहाच्या सहा. आहे असा कागद?"

"नाही, साहेब. लहानू आला होता, पण तोंडी. लेखी कोणी काही दिलं नाही."

"शोधा. आठ दिवस देतो."

व्हरांड्यात हरकरे साहेब भेटले. माझ्या पायाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

१ जून

वर्ष गेलं. तसा कागद दुपारी शिपाई देऊन गेला. ताईने सही करून घेतला आणि डब्याखाली ठेवला.

अरुंधतीबाईंनी फाइली पाहिल्या. तक्रार नाही. असणार कुठून? त्या माणसांना मीच सांगत होतो की तक्रारीला जागा नाही.

२ जून, गुरुवार

लहानू कोणत्या तारखेला आला होता ते तरी लिहून द्यावं, म्हणून ताईला पेटीतून गेल्या सालची वही काढायला लावली. पुठ्ठ्याच्या खिशात लहानूचं एक अंतर्देशीय पत्र निघालं. फोडलेलं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने, माझ्याच अक्षरात — 'उत्तर देणे, सवडीने.'

मोठ्या साहेबांना हवा होता तो हाच कागद. पोस्टाचा शिक्का १५ जून १९८२. मुदतीला पंधरा दिवस होते. उद्या रुपरावच्या हाती पाठवतो, पेन्सिलचं अक्षर न पुसता. आधी इथे उतरवून ठेवतो.

'वामनराव बाबूजी यास नमस्कार. तुमची तब्येत कशी हाय? यमुताईचा गुडघा कसा हाय? खालच्या मावशीचा डोळा दाखवला का? इकडं मी, मनकर्णा, दोन्ही पोरं बरे हावो. बाबूजी, तुमी सांगतलं ते मले पटलं. मशीन चुकत नसन. पण मी घरी बसून खडूनं भिंतीवर दिवस मांडले, ते भरतात जी. माह्यं कार्ड एक डाव तुमच्या हातानं पाहा. मुदत हाय तोवर मी इथंच थांबून राहिलो, दुसरीकडं नाव लावलं नाही. उत्तर लवकर लिहा.'